न पडलेला कौल

मैत्रेयी, ईशान,

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर आजोबा बोलता बोलता रडायला लागले आणि मी फोन बंद केला. नंतर तुम्हाला कळवलं की रेंज गेली. रेंज गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी ईशानने मला वेगळा मेसेज पाठवून विचारलं, "आजी, आजोबांना नक्की काय झालंय?" तुमच्या बाबाने तुम्हाला "लघवीचा थोडा त्रास" एवढंच सांगितलेलं आहे. ते खोटं नाही, पण ते पुरेसंही नाही.

आणखी एक कारण आहे. आजोबांच्या डॉक्टरांनी आम्हाला बजावलं की वडिलांना हा आजार असेल तर मुलाने स्वतःची तपासणी इतरांपेक्षा लवकर सुरू करावी. म्हणजे तुमच्या बाबाने, मिलिंदने, आणि पुढे कधीतरी ईशान, तू. ज्या आजाराचं घरात कोणी नाव घेत नाही, तो तपासायलाही कोणी जात नाही.

मी हे इंग्रजीत लिहू शकले असते. शाळेत मी तेच शिकवत आले. पण इंग्रजीत हे सगळे शब्द इस्त्री करून ठेवल्यासारखे असतात, त्यांच्यामागे लपता येतं. मराठीत लिहिताना मला संकोच वाटतो आहे. तो वाटतोय तोवर मी खरं लिहिते आहे असं समजा. आईकडून वाचून घेऊ नका, स्वतः वाचा. अडलं तर मला विचारा.

राखण

आपल्या बागेत आंबा धरला की राखणीला माणूस लागतो. वानर असतात, चोरही असतात. हल्ली सगळेच बागायतदार नेपाळी गुरखे ठेवतात, आपणही ठेवत होतो. आजार कळला त्या वर्षी आजोबा म्हणाले, "गुरखा नको. मी आहे ना." वरच्या कातळाजवळ खोपी आहे, तुम्ही लहानपणी तिथे भातुकली मांडली होती. तिथे त्यांनी खाट टाकली आणि मुक्कामच हलवला. जेवायला, आंघोळीला घरी यायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याला हौस आली आहे. चार शेजाऱ्यांनाही मी कौतुकाने सांगितलं.

हौस वगैरे काही नव्हती. घरात असते तर ते दर तासाला उठतात हे मला कळलं असतं. न्हाणीघराचं दार वाजलं असतं, ते किती वेळ आत उभे राहतात ते कळलं असतं. बागेत कोण बघतो? झाडाआड उभं राहायचं, थेंब थेंब वाट बघायची, परत खाटेवर जायचं. पुरुषाला बाग असली की असा आजार मोसमभर लपवता येतो. आमच्याकडच्या किती जणांनी तो तसाच लपवला असेल, हे मला आता कळू लागलं आहे.

दिवसाही ते पाणी कमी पिऊ लागले होते. मला म्हणायचे, "तहानच नाही गो."

नळी

आंबा उतरवायचे दिवस होते. पडवीत पेट्या भरणं चाललं होतं, मी पेंढा पसरून देत होते. आजोबा सकाळपासून कोणाशी बोलत नव्हते. एकदम खांबाला धरून उभे राहिले. तोंडावर घाम. मी विचारलं, छातीत दुखतंय का? त्यांनी मान हलवली. मग इतक्या हळू म्हणाले की मला कान जवळ न्यावा लागला, "होत नाय. सकाळपासून एक थेंब नाय."

रिक्षाने रत्नागिरीला जाईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला त्यांनी माझा हात आवळला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रस्त्यात, माणसांसमोर त्यांनी माझा हात धरलेला मला आठवत नाही. त्या दिवशी धरला होता, आणि मला त्यात काही आनंद नव्हता.

हॉस्पिटलात त्यांना नळी घातली. मी पडद्याबाहेर होते. ते ओरडले नाहीत. पण आतून जो आवाज आला तो मी यापूर्वी कधी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. थोड्या वेळाने नर्सने पडदा सारला, तर आजोबा छताकडे बघत शांत पडलेले आणि खाली पिशवी भरत चाललेली. "बरं वाटतंय?" मी विचारलं. म्हणाले, "बाई, स्वर्ग म्हणतात तो हाच असेल."

ते मला बाई म्हणतात हे तुम्हाला माहीत आहे. सगळा गाव शाळेतली बाई म्हणून हाक मारतो म्हणून तेही, पहिल्यांदा थट्टेने आणि नंतर सवयीने.

नळी काही दिवस राहू द्यायची असं सांगून घरी पाठवलं. ती पिशवी त्यांनी लुंगीच्या आत बांधून ठेवली आणि पडवीत यायचं बंद केलं. कोणी भेटायला आलं की मला सांगायचे, "झोपलोय म्हणून सांग." जन्मभर ज्यांच्या पडवीत गावाने चहा प्यायला, ते मागच्या खोलीत दार लावून बसू लागले.

निकाल

डॉक्टर तरुण होते, तुमच्या बाबापेक्षाही लहान. नीट समजावून सांगायचे. मूत्राशयाच्या खाली पुरुषाला एक गाठीसारखी ग्रंथी असते, वय झालं की ती बहुतेकांची वाढते आणि वाट दाबते. ते नुसतं वाढणं म्हणजे कॅन्सर नव्हे, त्याला गोळ्या आहेत, लहान ऑपरेशन आहे. मी ऐकलं आणि सुटकेचा श्वास टाकला. पण बोटाने तपासताना त्यांना एका बाजूला कठीण लागलं होतं. रक्ताची तपासणी त्यांनी लगेच केली नाही, नळी असताना आकडा उगाच फुगतो म्हणून थांबले. नळी काढल्यावर काही आठवड्यांनी केली, आणि आकडा तरीही फुगलेलाच होता. पुढे स्कॅन, पुढे तुकडा काढून तपासणी. तो तुकडा कुठून काढतात ते तुम्ही शोधून वाचू शकता, मी लिहीत नाही. आजोबा त्या दिवशी परत येताना एवढंच म्हणाले, "माणसाचं काही शिल्लक ठेवत नाहीत."

निकालाच्या दिवशी आम्ही दोघंच गेलो. डॉक्टरांनी पंखा थोडा कमी केला, आणि मला तेव्हाच कळलं. शाळेत वाईट निकाल सांगताना मीही असंच काहीतरी करायची, खिडकी लावायची नाहीतर खडू उचलायची.

"आप्पा, कॅन्सर आहे," ते म्हणाले. "ग्रंथीच्या बाहेर, हाडांत वगैरे गेलेला दिसत नाही. ही चांगली गोष्ट आहे."

आजोबांनी विचारलं, "पुढच्या मोसमाला असेन का?"

"पुढच्या काय, त्याच्याही पुढच्या. पण उपचार घेतले तर."

मी यादी करणारी बाई आहे. पर्समधून पेन काढलं आणि काय लिहायचं तेच सुचेना.

तुम्ही ठरवा

आता जे सांगते ते नीट वाचा, कारण सगळं इथेच अडलं.

डॉक्टर म्हणाले, काही जणांचा हा कॅन्सर इतका मंद असतो की त्याला हात न लावता नुसतं लक्ष ठेवतात. आजोबांचा तसा नव्हता. त्यांच्यासाठी दोन वाटा होत्या. एक, ऑपरेशन करून ग्रंथी काढून टाकायची. दुसरी, कोल्हापूरला जाऊन काही आठवडे किरणं घ्यायची आणि जोडीला बराच काळ इंजेक्शनं. ती इंजेक्शनं पुरुषाच्या अंगातलं पुरुषपण बनवणारं रसायन बंद करतात, कारण कॅन्सर त्याच्यावरच पोसतो. दोन्ही वाटांनी आयुष्य मिळायची शक्यता साधारण सारखीच. त्रास मात्र वेगवेगळे. ऑपरेशननंतर लघवी गळत राहू शकते, काहींची थांबते, काहींची नाही. किरणांनी लघवी-शौचाच्या जागी जळजळ, रक्त, थकवा. आणि नवराबायकोच्या संबंधांना दोन्हीकडे धोका. हे त्यांनी आमच्या दोघांकडे बघून, आवाज न बदलता सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

आजोबा म्हणाले, "तुम्ही काय ते सांगा. आम्ही करतो."

"आप्पा, दोन्ही बरोबर आहेत. म्हणून तुम्ही ठरवा."

आमच्या पिढीला डॉक्टरने असं म्हणणं माहीत नाही. डॉक्टर सांगतो, आपण करतो, बरं नाही झालं तर डॉक्टरला नावं ठेवतो. बाहेर आल्यावर आजोबा म्हणाले, "याला स्वतःला माहीत नाय. माहीत असतं तर बोलला असता." मी सांगितलं की तो प्रामाणिक आहे. ते म्हणाले, "प्रामाणिक माणूस काय करायचाय, डॉक्टर पाहिजे."

टोरांटोहून मिलिंदचे फोन सुरू झाले. त्याचं ठरलं होतं, मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन. "काढून टाका, विषय संपला." तो लिंक पाठवायचा, मी वाचायची, आजोबांना सांगायला जायची. ते उठून बागेत जायचे. एकदा फोन माझ्या हातून घेऊन म्हणाले, "विषय तुझा संपेल. डायपर मला बांधायचाय." मग बापलेक बरेच दिवस बोलले नाहीत. तुम्हाला आठवत असेल, त्या काळात बाबा जेवताना गप्प असायचा असं मैत्रेयी म्हणाली होती. ते हे.

पावसाळा निम्मा सरला. डॉक्टरांकडून दोनदा निरोप आला. आजोबा म्हणायचे, बघू. मी रोज सकाळी उठून आधी त्यांचा चेहरा बघायची आणि मनात म्हणायची, आत काय चाललं असेल.

पहिला कौल

मग एके दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून बाहेर पडले आणि दुपारी परत आले ते मोकळे होऊन. जेवले नीट. म्हणाले, "उपचार नको. देव नको म्हणतो."

आपल्या ग्रामदेवाला कौल लावतात ते तुम्ही पाहिलेलं नाही. विहीर खणायची, लग्न जमवायचं, जमीन द्यायची, असा कुठलाही पेच असला की गावातला माणूस देवळात जातो. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि सगळ्यांदेखत मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. मी शिकलेली बाई, माझा त्यावर विश्वास नाही. पण लग्न होऊन इथे आल्यापासून मी त्याच्याविरुद्ध एक शब्द बोललेले नाही, कारण या गावात कौल मिळाल्यावर भावाभावांची भांडणं मिटताना मी पाहिली आहेत.

त्या दिवशी मात्र मला ताटावरून उठून जावंसं वाटलं. देवाशी मी कशी वाद घालणार? चार दिवस मी मुकाट्याने काढले. मिलिंदला कळवलं नाही. तो काय बोलला असता ते मला माहीत होतं.

पाचव्या दिवशी दत्तू गुरव दारावरून चालला होता. मला बघून थांबला.

"बाई, बोअरवेलचं रहित केलंत ना? बरं केलंत. देवानंच नको म्हटलान."

"कसली बोअरवेल?"

"आता ते मला काय ठाऊक? आप्पा म्हणाले, एक काम काढलंय, करू का नको ते विचार. मी तसंच गाऱ्हाणं घातलं. आम्हांला वाटलं बोअर मारायची असेल. यंदा सगळेच मारतायत."

मी आत गेले. आजोबा पडवीत कोयती घासत होते.

"देवाला काय विचारलंत?" मी म्हटलं.

ते घासत राहिले.

"दत्तू बोअरवेलीचं विचारत होता."

"मग काय चार लोकांत सांगू, माझं मुतायचं अडलंय म्हणून?"

"लोकांना नका सांगू. देवाला तरी नीट सांगायचं होतंत. काम म्हणे. कुठलं काम? त्याला काय कळणार?"

"देवाला सगळं कळतं."

"मग विचारायला कशाला गेलात?"

 मी भांडायला गेले होते, पण त्यांच्याकडे बघून माझं भांडण गेलं. कोयतीवर पाणी घालायचं विसरले होते, कोरड्याच दगडावर घासत होते. त्यांना लाज वाटत होती, त्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. डॉक्टरने ठरवलं नाही, मुलाने नको ते ठरवलं, म्हणून ते ठरवून घ्यायला गेले होते. आणि तिथेही तोंडातून शब्द निघाला नव्हता.

"परत जाऊ," मी म्हटलं. "मी येते बरोबर. नाव घेऊन विचारू. मग देव नको म्हणाला तर मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही."

 मी शब्द दिला होता, आणि पाकळी कुठलीही पडू शकते.

दुसऱ्यांदा

देवळात गर्दी नव्हती. पाच-सहा गावकरी सभामंडपात टेकून बसले होते, त्यांत आजोबांच्या वयाचेच जास्त. दत्तूने दोन्ही बाजूंना पाकळ्या लावल्या, वाऱ्याने पडू नयेत म्हणून पंखा बंद केला आणि हात जोडून विचारलं, "काय घालू गाऱ्हाणं?"

 मी तोंड उघडणार, तर आजोबांनी हाताने मला थांबवलं.

"मला प्रोस्टेटचा कॅन्सर झालाय," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता, मजुरांना काम सांगतात तसा. "लघवीच्या जागी. ऑपरेशन करू का किरणं घेऊ, ते विचार. मोठ्यान् विचार."

उपचार घेऊ का नको, हे त्यांनी विचारलंच नाही. दत्तू गांगरला. त्याच्या गाऱ्हाण्यात हा शब्द कधी आला नव्हता. "बा देवा म्हाराजा," त्याने सुरुवात केली, "हे तुझं लेकरू... ह्याच्या लघवीच्या पिशवीखाली जी गाठ झाली हाय..."

एरवी मंडपातली माणसं मध्ये मध्ये "होय म्हाराजा" म्हणतात. त्या दिवशी ते इतक्या खालच्या आवाजात आलं की मी वळून पाहिलं. सगळे खाली बघत होते. एक जण डोळे पुसत होता.

"ऑपरेशनाला उजवा दे, किरणांना डावा दे म्हाराजा."

आम्ही बसलो. पाकळ्या पडेनात. पंखा बंद, मंडपात नुसता दमटपणा. दत्तूने पुन्हा विनवलं, पुन्हा थांबला. उजवी एकदा हलल्यासारखी वाटली, पण ती तिथेच राहिली. कडा सुकून आत वळायला लागल्या. आजोबांची पाठ माझ्याकडे होती. त्यांना मधेच उठून बाहेर जावं लागलं, ते जाऊन आले, पुन्हा बसले. कोणी काही विचारलं नाही. आता सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी दत्तू म्हणाला, "आप्पा, देव आज बोलत नाय. उद्या या."

आजोबा गुडघ्यावर हात ठेवून उठले. "उद्या नाय. डॉक्टर पण तुम्ही ठरवा म्हणाला, देव पण तेच म्हणतोय. मी ठरवतो."

बाहेर पायरीवर चपला घालताना त्यांनी मला विचारलं, "तुला काय वाटतं?"

घराचे, बागेचे, मिलिंदच्या शिक्षणाचे सगळे निर्णय झाल्यावर मला कळवले गेले होते. त्याची मला इतकी सवय झाली होती की क्षणभर मी मागे वळून बघितलं, ते दुसऱ्या कोणाला विचारतायत का.

"डॉक्टर म्हणतात आयुष्य सारखंच," मी म्हटलं. "मग कुठला त्रास तुम्ही सोसू शकाल ते बघा. मला तुम्ही हवे आहात. कसेही."

ते बराच वेळ चपलेचा पट्टा लावत राहिले. "ती नळी परत नको," ते म्हणाले. "ऑपरेशन म्हटलं की नळी आली. किरणं घेऊ."

इतके दिवस मी लेख वाचून तक्ते केले होते, आणि शेवटी निर्णय एका नळीवर झाला. मला तो योग्य वाटला. अजूनही वाटतो. दुसऱ्या कोणी याच कारणासाठी ऑपरेशन नाकारावं असं मी म्हणणार नाही. ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून आपली भीती ओळखावी.

कोल्हापूर

आधी इंजेक्शनं सुरू झाली, मग कोल्हापुरात एक खोली घेऊन आम्ही राहिलो. बाग त्या मोसमाला दुसऱ्याला दिली. घरमालकीण रोज दारात उभी राहून विचारायची, "आज्जी, चहा टाकू का? आजोबांस्नी बरं वाटतंय न्हवं?" तिचा आवाज सगळ्या आळीला ऐकू जायचा. पहिल्या दिवशी आजोबा चिडले, नंतर तिची वाट बघू लागले.

किरणांच्या वेळी मूत्राशय भरलेलं लागतं. म्हणजे ज्या माणसाला थांबवता येत नाही त्याने बाटलीभर पाणी प्यायचं आणि आपला नंबर येईपर्यंत धरून ठेवायचं. बाकड्यांवर सगळे म्हातारे, प्रत्येकाच्या हातात बाटली. कोणी येरझाऱ्या घालतोय, कोणी पायावर पाय घट्ट टाकून भिंतीकडे बघतोय. मशीन बिघडलं आणि उशीर झाला की एखादा धावत सुटायचा आणि परत येऊन सगळं पहिल्यापासून. एकदा आजोबांना धावताही आलं नाही. मी पिशवीत दुसरा लेंगा ठेवायची, आम्ही त्याविषयी काही बोललो नाही.

तिथे जयगडचे इस्माईलभाई भेटले. जन्मभर मचव्यावर काढलेला माणूस, आता मुलगा पोर्टात नोकरीला. आजोबांच्या शेजारी बसून बाटलीकडे बघत म्हणाले, "आप्पा, आयुष्यभर होडीतलं पाणी उपसलं. हे लोक भरून घेतात."

आजोबा म्हणाले, "हसवू नको मेल्या, इथेच सुटेल."

आणि दोघं हसले, आणि दोघंही धावले. त्या दिवशी दोघांचे नंबर हुकले आणि टेक्निशियन मुलीने दोघांना शाळकरी पोरांसारखं फैलावर घेतलं. त्या संपूर्ण मुक्कामात मी आजोबांना हसताना पाहिलं ते असं, इस्माईलभाईंबरोबर. माझ्याबरोबर ते हसू शकत नव्हते. मी त्यांचा लेंगा धुत होते.

इंजेक्शनं

किरणं संपली, घरी आलो. सगळ्यांना वाटलं, झालं. इंजेक्शनं चालूच होती, अजूनही आहेत. ती काय करतात ते लिहिणं मला सर्वांत जड जातं आहे.

अंगातून एकदम वाफा येतात, बायकांना पाळी जाताना येतात तशा. मी हसून म्हटलं होतं, "आता कळलं ना?" त्यांना ते आवडलं नाही. मांड्या बारीक झाल्या, छाती दुखरी आणि मऊ झाली, बनियनवर शर्ट घातल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. झाडावर चढणं संपलं. आणि रडू येतं. बातम्यांत काही दाखवलं की, जुना गडी भेटला की, तुम्ही दोघं पडद्यावर दिसलात की. त्यांचं दुःख मोठं झालंय असं नाही, आवरणारं जे काही होतं ते इंजेक्शनाने नेलं आहे. म्हणून ईशान, त्या दिवशी तू काही चुकीचं बोलला नव्हतास.

नवराबायको म्हणून आमच्यात जे होतं ते संपलं. आजीच्या तोंडून हे वाचायला तुम्हाला अवघड वाटेल. पण या वयात तसलं काही नसतंच असं समजून डॉक्टर, मुलं, सगळेच तो प्रश्न ओलांडून जातात, आणि माणूस त्याचा शोक एकटा करतो. आम्हीही आधी एकएकटा केला. ते मागच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात.

मग एका दुपारी ते स्वतःची उशी घेऊन माझ्या खोलीत आले. म्हणाले, "तिकडे पंखा कुरकुरतो." कुरकुरत नव्हता. तेव्हापासून त्यांची खाट माझ्या खाटेला लागून आहे. उठतात ते मला कळतं. मी विचारत नाही, जागी असले तर नुसता हात बाहेर काढते.

देवळातल्या त्या दिवसानंतर गावातले पुरुष येऊ लागले. सरळ नाही. कुंपणाच्या गडग्यापाशी थांबतात, आंब्याचं विचारतात, पावसाचं विचारतात, आणि मग, "आप्पा, तुम्हाला पहिल्यांदा कसं कळलं?" आजोबा त्यांना पडवीत बसवतात आणि सांगतात. शब्द चोरत नाहीत. मला आत ऐकू येतं. "मी मोसमभर बागेत लपलो. तू लपू नको. बोटाची तपासणी असते, मरत नाय कोणी." मागाहून एक जण तपासून आला, नुसती वाढ निघाली, गोळ्यांवर आहे. एकाला उशीर झालेला होता.

गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतः मिलिंदला फोन लावला. इकडचं तिकडचं काही नाही. "मला जो कॅन्सर झालाय ना, त्याची रक्ततपासणी तू करून घे. केलीस की मला सांग, आईला नको." तिकडे मिलिंद रडत होता बहुतेक, कारण आजोबा म्हणाले, "तुला कोणी इंजेक्शन दिलं रे?"

आजचं सांगायचं तर असं आहे. रक्तातला आकडा खाली आहे. तो वर येऊ शकतो, डॉक्टरांनी ते लपवलेलं नाही, आणि प्रत्येक तपासणीच्या आधी काही दिवस आमच्या घरात कोणी धड बोलत नाही. बोअरवेल आम्ही मारलेली नाही. आजोबांना बसून करता येईल असं एकच काम राहिलं होतं, म्हणून या पावसाळ्यात त्यांनी पडवीत बसून कोयींच्या रोपांवर हापूसच्या काड्या बांधून कलमं केली. बोटांत पूर्वीचा जोर नाही, पट्टी सैल पडते, मी टोक धरून ठेवते. आज सकाळी आम्ही दोघांनी रोपांच्या पिशव्या पाहिल्या. बहुतेक कलमांना पालवी आहे. आजोबाही आहेत.

— आजी